समर टर्ममध्ये ऑरगॅनिक घ्यावं का?

ताई, मुलाचं बडोद्यात एफवाय बीएस्सी झालंय, मिस्टरांची बदली अमेरिकेत होतेय, तर तिथे पोचल्यावर समर टर्ममध्ये, म्हणजे उन्हाळी सुट्टीतल्या छोट्या सत्रात, ऑरगॅनिक केमिस्ट्री (कार्बनच्या संयुगांचं रसायनशास्त्र) उरकून वर्ष वाचेल का, असं तुम्ही विचारलंत. विमा, फी यांचं मी काही सांगत नाही, ते कॉलेजच्या साइटवर आहे. आमच्या मुलीचं अगदी असंच झालं होतं, म्हणून लिहायला बसले.

वर्ष वाचण्याआधी झालेलं वर्ष तिथे धरतात का ते बघा. आमचं धरलं नाही. मार्कशीटवर प्रॅक्टिकलचे मार्क होते, पण लॅब आठवड्याला किती तास होती ते कुठेच नव्हतं. बडोद्याला दिरांनी धावपळ करून सिलॅबसच्या पानापानावर शिक्के मारून पाठवले, इथलं शिक्षण तिथल्या कशाच्या बरोबरीचं ते ठरवणारं इव्हॅल्युएशन करून घेतलं. कॉलेजच्या बाईंनी कागद चाळले आणि जनरल केमिस्ट्री, म्हणजे पहिल्या वर्षाची पायाभूत केमिस्ट्री, पुन्हा करा म्हणून सांगितलं. ज्या मुलीने वर्षभर सॉल्ट अ‍ॅनालिसिस केलं, ब्राऊन रिंग टेस्ट जिला तोंडपाठ, तिने बीकर कसा धरायचा इथपासून परत शिकायचं! आज लिहितानाही मला राग येतो. कोणी वाईट बोललं नाही, सगळे हसून बोलत होते, आणि कुणाशी भांडावं तेच कळत नव्हतं.

त्यात वयाचा काटा. एकवीस पूर्ण झाले की मुलांचा डिपेंडंट व्हिसा संपतो, मग वेगळा स्टुडंट व्हिसा. त्या घाईत तिने दोन उन्हाळे समर टर्म केले, पहिल्यात जनरल आणि दुसऱ्यात ऑरगॅनिक.

जनरल सोसलं, कारण ते येत होतं. ऑरगॅनिकची गोष्ट वेगळी. १५ आठवड्यांचं सेमिस्टर तिथे ६ ते ८ आठवड्यांत बसवतात. सकाळी लेक्चर, दुपारी तीन-चार तास लॅब, रात्री प्री-लॅब, म्हणजे उद्याच्या लॅबची लेखी तयारी. एसएन वन, एसएन टू, ई वन, ई टू हे चार मेकॅनिझम, म्हणजे रिअ‍ॅक्शन पायरीपायरीने घडण्याच्या चार तऱ्हा, एकाच आठवड्यात येतात. कुठला कधी लागतो ते डोक्यात बसेपर्यंत परीक्षा होऊनही जाते. ऑरगॅनिक लोणच्यासारखं मुरावं लागतं. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो ते बाण काढत काढत, विसरत, परत काढत. त्याला लागणारा वेळ समरमध्ये नसतोच. एक दिवस ताप आला तर नेहमीच्या सेमिस्टरचा जवळजवळ अर्धा आठवडा गेला असं समजा.

लॅब मात्र सुंदर. चहातून कॅफीन काढणं, टीएलसीच्या पट्टीवर मिश्रणातले पदार्थ वेगळे करणं, रेणूची रचना सांगणारे एनएमआरचे आलेख वाचणं. ग्रिन्यार्ड रिअ‍ॅक्शनला पाण्याचा थेंबही चालत नाही, आणि नेमकी त्या दिवशी बाहेर दमट हवा होती, काचेत कुठेतरी ओल राहिली असावी, कारण रिअ‍ॅक्शन सुरूच होईना. ती घरी येऊन रडली आणि मी तिची वही उघडून बसले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मीही बडोद्याची केमिस्ट्रीची बीएस्सी. लग्नानंतर लॅबमध्ये पाऊल टाकलं नाही, आणि तिथे डिपेंडंट व्हिसावर नोकरीही करता येत नव्हती. दांडियाबाजारात निरोप द्यायला आलेल्या काकांनी सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवल्याची आठवण काढली होती, तेव्हा मला वाटलं होतं, आता पोरगी शिकेल. ती झोपल्यावर मी तिचं जाडजूड पुस्तक वाचायचे. मला तिचा हेवा वाटायचा. ती पास झाली, मार्कही चांगले पडले, आणि मग तिने केमिस्ट्री सोडून स्टॅटिस्टिक्स घेतलं. आज ती मजेत आहे. त्या उन्हाळ्याने सोडवली की तिला ती मुळात नकोच होती, हे मी तिला विचारलेलं नाही.

एकटेपणाचं तुम्ही विचारलंत. असतो. समरमध्ये कॅम्पस ओस असतो, मेसही बऱ्याचदा बंद. डबा द्या आणि पुढे चला.

तेव्हा समरमध्ये त्याने गणित घ्यावं, इंग्रजी घ्यावं, जनरल परत करायला लावलं तर तेही उरकावं. ऑरगॅनिक मात्र फॉलमध्येच, म्हणजे उन्हाळ्यानंतरच्या नेहमीच्या सेमिस्टरला. आणि घेतलंच समरमध्ये, तर त्याच्या जोडीला दुसरा एकही विषय नको, नोकरीही नको. निघण्याआधी कॉलेजकडून प्रॅक्टिकलच्या तासांचं लेटरहेडवर पत्र घ्या. सही-शिक्क्याचं जर्नल रद्दीत देऊ नका. ते केबिन बॅगेत ठेवा.