मी लग्न केलं तर आईचं कोण बघणार?

हा प्रश्न माझ्याकडे येतो तो बहुतेक चाळिशीकडे झुकलेल्या धाकट्या मुलींकडून. त्यातलीच ही एक (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). बँकेत नोकरी, वडील गेल्यापासून आईजवळ. भाऊ बेंगळुरूला, बहीण नाशिकला. ओळखीतल्या एका विधुर गृहस्थांनी रीतसर विचारलं होतं, पण ही हो म्हणेना की नाही म्हणेना. बोलतानाही मोबाइल मांडीवर, आईचा फोन आला तर म्हणून.

मी तिला एक मेक्सिकन सिनेमा बघायला सांगितला. अल्फोन्सो अराऊचा 'कोमो आग्वा पारा चोकोलाते', 1992 चा. काळ मेक्सिकन क्रांतीचा, घर टेक्सासच्या सीमेलगत. घराची रीत अशी, की धाकटीनं लग्न करायचं नाही, आईला मरेपर्यंत सांभाळायचं. धाकट्या तिताच्या जवळ राहता यावं म्हणून तिचा प्रियकर पेद्रो तिच्याच मोठ्या बहिणीशी लग्न करतो. (मला हा पेद्रो कधीच पटला नाही.) तिताला झोप येत नाही, ती रात्र रात्र विणत बसते. पुढे डॉक्टर तिला गाडीतून घेऊन जातो, तेव्हा ती विणलेली चादर मागे लांबच लांब फरफटत जाते.

ही चादरीबद्दल बोलेल असं मला वाटलं होतं. बोलली भाचीबद्दल. बहीण स्वतःच्या मुलीलाही तीच रीत लावायला निघते, तेव्हा आजवर सोसत आलेली तिता तिथं हटून बसते. "माझ्या भाचीला कुणी असं सांगून तर बघू दे, घर डोक्यावर घेईन," असं ही म्हणाली आणि गप्पच झाली.

सिनेमातल्या आईनं, मामा एलेनानं, तिताला तोंडावर बजावलं होतं. हिच्या आईनं मात्र लग्न करू नकोस असं कधीच म्हटलं नव्हतं. पुढच्या भेटीला मी आईंनाही बोलावलं. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, हिलाच नकोय."

राहिला प्रश्न सांभाळण्याचा. 2007 च्या कायद्यानं आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा-मुलगी सगळ्यांवरच टाकली आहे. पण भावंडांत कायदा काढला की बोलणंच खुंटतं. त्यापेक्षा औषधं, तपासण्या, दिवसभराची बाई असा खर्च कागदावर मांडून भावाला पाठवायला सांगितलं. आधी "बघू" म्हणाला. आता बाईचा पगार तो देतो. बहीण अधूनमधून मुक्कामाला येते. कुरकुरते, पण येते.

लग्नाचं अजून ठरलेलं नाही. आईंचं म्हणणं एवढंच, की 'मुलानं' आधी घरी जेवायला यावं. मुलगा सेहेचाळीस वर्षांचा आहे.