‘विचारलं तर आणखी एक कलम लावतील’

“विचारलं असतं तर आणखी एक कलम लावलं असतं, ताई.” अटकेच्या वेळी पोलिसांना काही विचारलं का नाही, या माझ्या प्रश्नावर एवढंच बोलून ते गप्प बसले. टेम्पोचालक, चाळिशीतले. रात्रीच्या नाकाबंदीत मशीनमध्ये फुंकायला लावलं, दारूचा आकडा 30 च्या कायदेशीर मर्यादेवर गेला, अटक झाली. जामिनावर सुटून आठवडा झाला होता, तरी स्टिअरिंग धरलं की हात कापायचे. शेजारी बायको बसली होती.

पिऊन गाडी हातात घ्यायचीच नाही, हे मी त्यांना आधी स्पष्ट सुनावलं. पण चूक झाली म्हणून हक्क जात नाहीत. कशासाठी धरलं हे कळणं आणि आपल्या वकिलाला भेटणं, हे राज्यघटनेच्या कलम 22 ने दिलंय. ती कुणाची मेहेरबानी नव्हे. गुन्हा जामीनपात्र असेल तर तेही पोलिसांनीच सांगायचं असतं, आणि हा जामीनपात्रच आहे. 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेणं बंधनकारक. वकिलाचे पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला तो मोफत मिळतो, कमाई कितीही असो.

त्यांनी चार घड्या घातलेला अटक पंचनामा काढला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 नुसार अशा अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरी तपासणी झाली नाही तर सोडावं लागतं. त्यांची सगळी आशा त्यावरच होती. अटकेची वेळ 11.40, डॉक्टरांच्या कागदावर 12.55. त्यांनाही वेळा अशाच आठवत होत्या. मग मी सरळ सांगितलं, यातून काही निघणार नाही. खोटा दिलासा दिला की माणूस कोर्टात पुन्हा खचतो, हे मी पाहिलंय.

नातेवाइकाचा रकाना मात्र कोरा होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे घरच्यांना किंवा आपण सांगू त्या माणसाला अटकेची खबर द्यावीच लागते.

“घरी का नाही कळवलं?”

“साहेबांनी नंबर विचारला होता. सगळे नंबर मोबाइलमध्ये, मोबाइल जमा. पाठ एकही नव्हता.”

बायको पहाटेपर्यंत एकेक दवाखाना पालथा घालत होती. हे सांगताना ती नवऱ्याकडे बघत नव्हती.

पुढच्या भेटीत मला कोर्टाच्या तारखेचं आणि वकिलाचं बोलायचं होतं. ते खुर्चीत टेकले, डोळे मिटले आणि बायकोचा नंबर न अडखळता म्हणून दाखवला. दहाही आकडे.