ठेकेदाराकडे तासावर काम करणाऱ्या कामगाराला ओव्हरटाइमचा दावा लावता येतो का?

तुम्ही विचारलंय की वडील वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ठेकेदाराकडे तासावर आहेत, रोज बारा तास थांबवतात, जादा तासांचे पैसे सिंगलने, म्हणजे साध्याच दराने देतात, कधी तेही बुडवतात, आणि दर महिन्याला ‘सर्व रक्कम मिळाली’ अशा व्हाउचरवर सही घेतात. तर दावा लावता येईल का, आणि नोकरीत राहून लावावा की सोडून?

लावता येतो. सही असली तरी लावता येतो. या सहीवरून माझे साडू आणि मी कित्येक दिवाळ्या भांडलोय. ते एका कंपनीच्या पर्सोनेलमध्ये, म्हणजे कामगारांचं बघणाऱ्या खात्यात होते. त्यांचं एकच पालुपद, “अरे, सही केलीस ना? मग विषय संपला.” विषय संपत नाही. 1936च्या पगार वाटप कायद्याचं 23वं कलम सांगायचं की कायद्याने दिलेला हक्क कामगाराने लिहून सोडला तरी ते लिखाण रद्दबातल. तो कायदा नोव्हेंबर 2025मध्ये गेला, पण त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेचं 60वं कलमही तेच सांगतं. पर्सोनेलच्या माणसाला हे ठाऊक नसतं असं मी मानत नाही.

मी टर्नर होतो, लेथ मशीन चालवायचो. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरला लागणारे सुटे भाग व्हायचे. मस्टरवर सगळ्यांची सुट्टी संध्याकाळी साडेपाचला. प्रत्यक्षात साडेपाचला चहा यायचा आणि नवा जॉब लागायचा. जादा तास सुपरवायझरच्या कच्च्या वहीत, त्यांचे पैसे सिंगलने पाकिटात. पुढे माल घेणाऱ्या पार्टीचं पेमेंट अडकलंय म्हणून पाकीटही बंद झालं. जॉब मात्र चालूच. आम्ही काही जणांनी मिळून पगार कायद्याखालच्या ऑथॉरिटीपुढे, म्हणजे पगाराचे दावे ऐकणाऱ्या साहेबांपुढे, अर्ज टाकला.

कंपनीच्या माणसाने पहिल्याच तारखेला पक्कं मस्टर टेबलावर ठेवलं. सगळे साडेपाचला बाहेर, एकाच शाईत, एकाच वळणात. कच्ची वही कुठाय म्हटलं तर अशी वहीच नाही म्हणाला. आमचं काम बघणारे युनियनचे म्हातारे गृहस्थ वहीच्या नादी लागलेच नाहीत. त्यांनी जॉब कार्डं मागितली. आमच्या पार्टीला प्रत्येक नगाचा माग लागायचा, म्हणून कार्डावर मशीन नंबर, ऑपरेटरचा नंबर, जॉब सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, खाली क्वालिटीवाल्याची सही. ही कार्डं कंपनीला फाडता येत नव्हती, पार्टीचं ऑडिट व्हायचं. एका शाफ्टच्या कार्डावर माझा नंबर, सुरू 7.10, संपला 9.40, रात्रीचे. मस्टरप्रमाणे मी तेव्हा मांजलपुरात घरी जेवत होतो.

कंपनीचा माणूस म्हणाला, “साहेब, कोई बीजाए चलाव्युं हशे,” म्हणजे दुसऱ्या कुणी मशीन चालवलं असेल. साहेबांनी मान वर न करता विचारलं, “तो ए बीजो पण मस्टरमां होवो जोइए ने?” मग तो दुसराही मस्टरमध्ये हवा ना?

मस्टरमध्ये रात्री कुणीच नव्हतं. पुढची तारीख घेतली गेली, आणि तिच्या आत कंपनीने तडजोडीचा निरोप धाडला. डबलने फरक मिळाला, पण मागच्या बारा महिन्यांचाच, कारण तेव्हा तेवढीच मुदत होती. त्याआधीचं सगळं बुडालं. कायद्यात दहापटीपर्यंत भरपाई मागता येत होती, ती तडजोडीत आम्हीच सोडली. साडू अजून म्हणतात की मालकाने माणुसकी दाखवली.

आता वडिलांचा हिशेब. समजा दर तासाला 75 रुपये आहे. बारा तासांतून अर्ध्या तासाची सुट्टी काढली तर काम साडेअकरा तास, सहा दिवसांचे 69. आठवड्याचे 48 वजा केले की 21 तास ओव्हरटाइम. तो 150ने द्यायला हवा, 75ने देतात, म्हणजे दर आठवड्याला 1,575 रुपये शेठच्या खिशात. जुन्या कारखाने कायद्यात दर डबलच होता आणि नव्या वेतन संहितेतही डबलच आहे. संहिता 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झाली. तिच्यात दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. पण तितके तास काम केलं हे आधी तुम्हालाच दाखवावं लागतं, म्हणून जॉब कार्ड, गेटपास, कॅन्टीनचं कूपन, सुपरवायझरचा ‘आज थांबा’ असा व्हॉट्सॲप मेसेज, जे मिळेल त्याचे फोटो काढून ठेवा. ठेकेदाराबरोबर कारखान्याच्या मालकालाही सामनेवाला करा, म्हणजे दावा दोघांवरही लावा. ठेकेदाराने बुडवलं तर देणं मालकावर येतं.

साडूंचा शेवटचा पत्ता 2020मध्ये पडला. लॉकडाउनमध्ये 17 एप्रिलला गुजरात सरकारने अधिसूचना काढली की कारखाने बारा तास चालवा आणि जादा तासांना साधाच दर द्या. त्यात उदाहरणही होतं, आठ तासांचे 80 तर बारा तासांचे 120. साडूंनी ती मला फोनवर पाठवली, खाली हसरा चेहरा. 1 ऑक्टोबर 2020ला गुजरात मजदूर सभेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि त्या काळातला ओव्हरटाइम कारखाने कायद्याच्या कलम 59प्रमाणे, म्हणजे डबलने, द्यायला सांगितलं. महामारी म्हणजे देशाच्या सुरक्षेवरचं संकट नव्हे, आणि तिचा बोजा एकट्या कामगाराच्या माथी मारता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख. मी तो निकाल त्यांना पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर आलं नाही.

नोकरीत राहून की सोडून? मी राहून लावला. मला सगळ्यात खिळखिळ्या लेथवर टाकलं, पण काढलं नाही, कारण अर्जावर अख्खी पाळी होती. ठेकेदाराच्या माणसाला काढायला गेटवर नुसतं ‘उद्यापासून नको’ म्हटलं की पुरतं, तेव्हा वडिलांनी एकट्याने पुढे होऊ नये. दोन-चार जण तरी जमवा, नाहीतर युनियनमार्फत जा. अर्ज युनियनलाही करता येतो. कुणीच येत नसेल तर पुरावा गोळा करा आणि दुसरी नोकरी बघूनच लावा. तीन वर्षं हातात आहेत.

एक राहिलं. वडिलांना कागदावर ‘सुपरवायझर’ केलं असेल तर कंपनी ते पहिल्या तारखेला पुढे करील, म्हणून हाताने मशीन चालवतात याचा पुरावा ठेवा. नोव्हेंबर 2025च्या आधीच्या तासांना कोणती मुदत लागेल हे वकिलाकडून तपासून घ्या. आणि वकील वसुलीत टक्के मागायला लागला तर दुसरा बघा, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.