बंद साखर कारखाना पाडताना: आधी रिकामा करा, मग कटर लावा

तुमचा प्रश्न असा: सहकारी साखर कारखाना आणि डिस्टिलरी काही हंगामांपासून बंद, बँकेने लिलाव केला, यंत्रसामग्री 'जसं आहे तसं, जिथे आहे तिथे' या अटीवर भंगार ठेकेदाराने उचलली. पुढच्या महिन्यात त्याची माणसं गॅस कटर घेऊन येणार आणि जुने कर्मचारी म्हणून देखरेखीला तुम्ही. काय बघायचं, आणि चिमणी सुरतसारखी स्फोटाने पाडता येईल का? चिमणीचं शेवटी बोलतो. ती दिसायला मोठी आहे, पण तुमच्या आवारातली सगळ्यात धोकादायक वस्तू ती नाही. माझ्या हिशेबाने पहिला नंबर मळीच्या टाकीचा आणि दुसरा डिस्टिलरीतल्या ॲसिडच्या छोट्या टाकीचा.

माझी नोकरी मेंटेनन्समध्ये गेली, शेवटची वर्षं बंद युनिट मोकळी करण्याच्या कामांवर. त्यातून झालेलं एक पक्कं मत आधी सांगतो. अपघात होणार की नाही हे बरंचसं करारातच ठरतं. भंगारवाला पैसे मोजून माल घेतो. त्याचे पैसे अडकलेले असतात, त्याला टन दिसतात, आणि टाकी धुण्यात गेलेला प्रत्येक दिवस त्याला तोटा वाटतो. त्यात त्याची लबाडी नाही, धंद्याचं गणितच तसं आहे. म्हणून धुण्याचं काम त्याच्या गळ्यात घालूच नका. टाक्या, पाइपलाइन, डायजेस्टर (सांडपाणी कुजवायच्या बंद टाक्या) रिकामे करून धुण्याचं काम वेगळं द्या, त्याचे पैसे वेगळे द्या, आणि जे धुऊन, तपासून, लेखी झालंय तेवढंच भंगारवाल्याच्या ताब्यात द्या. विभागवार ताबा. लिलाव आधीच झाला असेल तरी ताब्याचा क्रम कोणता, हे अजून तुम्ही बोलू शकता. संचालक मंडळ आणि बँक दोघांनाही पत्र देऊन ठेवा. मळी आणि स्पिरिट यांच्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं, त्यामुळे शिल्लक साठ्याचं काय करायचं हे त्यांना विचारल्याशिवाय एक व्हॉल्व्हही उघडू नका.

आता मळीची टाकी. लोकांना वाटतं, मळी म्हणजे गोड चिकट पदार्थ, त्यात काय होणार? तळाशी राहिलेल्या हातभर मळीत छताच्या भोकांतून पावसाचं पाणी गेलं की ती आंबते. आंबली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साठून राहतो आणि ऑक्सिजनला वर ढकलतो. रंग नाही, नाकाला कळेल असा वास नाही. माणूस शिडीने उतरतो, गुडघे वळतात, पडतो. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. बंदिस्त टाक्यांमधल्या अपघातांत वाचवायला गेलेलेच मोठ्या संख्येने जातात. म्हणून तुमच्या गँगला पहिल्या दिवशी एकच गोष्ट पाठ करायला लावा: आत कोणी पडला तर बाहेरच्याने आत जायचं नाही. कंबरेच्या पट्ट्याऐवजी फुल बॉडी हार्नेस, त्याला दोर, वर तिकाटणं आणि विंच, म्हणजे बाहेरूनच ओढता येतं.

शक्यतो माणूस आत उतरवूच नका. बाजूचा मॅनहोल उघडून, गरम पाणी मारून, पंपाने मळी काढता येते. उतरावंच लागलं तर आधी ब्लोअरने हवा आणि मग गॅस मोजणारा मीटर. साधारण हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली असेल तर प्रवेश नाही. मीटरबद्दल एक गोष्ट बऱ्याच सुपरवायझरना माहीत नसते. ज्वलनशील गॅस मोजणारा नेहमीचा सेन्सर तो गॅस स्वतःवर जाळून मोजतो. जाळायला ऑक्सिजनच नसेल तर तो कमी आकडा दाखवतो आणि तुम्ही समजता की टाकी सुरक्षित. म्हणून आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील गॅस, मग विषारी. तेही वर, मध्ये आणि तळाशी, नळी सोडून. आतल्या दिव्याचं व्होल्टेज २४ च्या वर नको. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ३६-अ मध्ये हे होतंच आणि अट आजही तितकीच शहाणपणाची आहे.

ॲसिडच्या टाकीवर जरा थांबतो, कारण ती छोटी म्हणून कोणी तिच्याकडे बघत नाही. डिस्टिलरीत सल्फ्युरिक ॲसिड साध्या लोखंडी टाकीत ठेवलेलं असतं. ९८ टक्क्यांचं ॲसिड लोखंडाला फारसं खात नाही, कारण आतल्या पृष्ठावर आयर्न सल्फेटचा थर बसतो आणि तो पत्र्याला सांभाळतो. पण टाकी रिकामी केली, तळाशी थोडं उरलं आणि वर्षानुवर्षं व्हेंटमधून दमट हवा आत जात राहिली की ते उरलेलं ॲसिड पातळ होतं. पातळ ॲसिड लोखंडाला खातं आणि हायड्रोजन सोडतं. हायड्रोजन हलका, तो छताखाली जाऊन बसतो. हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो आणि पेटायला अगदी किरकोळ ठिणगी पुरते. मग कटरवाला येतो, त्याला वरचा नोझल काढणं सोपं वाटतं, तो तिथेच ज्योत लावतो. टाकीचं छत उडालेलं म्हणतात ते हे. टाकी 'रिकामी' होती असं नंतर सगळे शपथेवर सांगतात, आणि ते खोटंही नसतं.

उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. तळाचं ॲसिड जमेल तितकं काढून घ्या. वरची सगळी तोंडं उघडी करा. मग भरपूर पाण्याने धुवा. बादली-दोन बादल्या पाणी घालून सोडून देणं सगळ्यात वाईट, कारण त्याने ॲसिड नेमकं हवं तेवढं पातळ होतं, वर उकळून उडतंही. धुतलेलं पाणी चुन्याने उदासीन करा. साखर कारखान्यात चुन्याला काय तोटा. पीएच तपासा. तळाचा राखाडी गाळ खरवडून काढा, कारण ॲसिड त्यात मुरलेलं असतं. छताखाली मीटर धरून शून्य आलं की पहिलं भोक गॅसने न पाडता हाताच्या करवतीने किंवा पाणी मारत पाडा. आणि कापायच्या दिवशी सकाळी पुन्हा रीडिंग. कालचं रीडिंग कालचं.

स्पिरिटच्या टाक्यांचं लोक मनाने ऐकतात, कारण दारू पेटते हे सगळ्यांना ठाऊक. तरी सांगतो: शुद्ध अल्कोहोलची वाफ १३ अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी तयार होते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने. हवेत ती ३.३ टक्के झाली की बस. टाकी पाण्याच्या वाफेने किंवा पाण्याने पूर्ण भरून ही अल्कोहोलची वाफ बाहेर काढायची आणि टाकीला जोडलेली प्रत्येक लाइन तोडून मध्ये हवेचं अंतर ठेवायचं. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. जुना व्हॉल्व्ह पासिंग असतोच, म्हणजे बंद करूनही आतून गळतो. स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) डायजेस्टरमध्ये मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर आपल्याला कळतंय असं समजू नका. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं, वास गेला असं वाटतं, आणि तिथून पुढे तो गॅस माणूस मारतो.

केबलचं. ठेकेदार आधी तांबं काढतो, कारण तांबं लवकर विकलं जातं. इव्हॅपोरेटरच्या (रस आटवायच्या भांड्यांच्या) पितळी ट्यूबा आणि केबल पहिल्या आठवड्यात गायब होतात. त्याच केबलवर तुमचा फायर पंप आणि रात्रीचे दिवे चालतात. फायर हायड्रंटची लाइन, तिचा पंप, तिचा पाणीसाठा हे सगळ्यात शेवटी निघेल असं लिहून घ्या. वीज मंडळाकडून मुख्य जोडणी तोडल्याचं पत्र घ्या आणि कामासाठी वेगळी तात्पुरती लाइन, तिचा रंग वेगळा. म्हणजे चालू लाइन रंगावरून ओळखता येते; पण तेवढ्यावरून जुन्या आवारातली प्रत्येक केबल मेलेलीच आहे असं धरू नका. बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) कन्व्हेयरखाली, खांबांच्या बुडाशी, बॉयलरच्या मागे जुना भुसा साठलेला असतो. कटरची ठिणगी दहा-अकरा मीटर सहज जाते. भुसा आतल्या आत धुमसत राहतो आणि माणसं जेवायला गेली की पेटतो. कटिंग संपल्यावर तासभर एक माणूस पाण्याच्या नळीसह तिथेच बसला पाहिजे.

छपराचे सिमेंटचे पत्रे: त्यांत ॲस्बेस्टॉस असतो, म्हणून फोडायचे नाहीत, ओले करून अख्खे उतरवायचे. पण त्याहून तातडीचा धोका सांगतो. त्यावर माणूस उभा राहिला की पत्रा फुटतो आणि तो मिल हाऊसच्या उंचीवरून खाली येतो. फळ्या टाका, जाळी लावा, जमलं तर खालून मचाणावरून काढा. बॉयलरच्या जुन्या लॅगिंगमध्येही (उष्णता अडवणाऱ्या आवरणात) ॲस्बेस्टॉस असू शकतो; नमुना तपासून घ्या.

आता प्रत्यक्ष पाडणं. इथे धोका असतो तो अर्धवट कापलेल्या सांगाड्यात. धड उभा असलेला सांगाडा सुरक्षित, पडलेला सुरक्षित. मधल्या अवस्थेत तो कशावर उभा आहे हे कोणालाच नीट माहीत नसतं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरच्या डिडकॉट ए या कोळशावरच्या वीज केंद्राचं उदाहरण या धंद्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. केंद्र मार्च २०१३ मध्ये बंद झालं. बॉयलर हाऊस स्फोटाने पाडायचं होतं, त्यासाठी तयारीचं काम चालू होतं. २३ फेब्रुवारी २०१६ रोजी, स्फोटाचा दिवस यायच्या आधीच, त्याचा मोठा भाग आपोआप कोसळला आणि ४ कामगार गेले. उरलेला भाग इतका बेभरवशाचा होता की जवळ माणूस पाठवता येईना. जुलैमध्ये रोबोंकडून स्फोटकं लावून तो पाडला. शेवटचा मृतदेह मिळायला सप्टेंबर उजाडला. हे सगळं अशा देशात, जिथे कागदपत्रं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात.

तुमचा बॉयलर त्याच्यापुढे लहान आहे, पण वरचा ड्रम टनावारी वजनाचा असतो. ट्यूबा, भिंती, डक्ट कशाला टांगलेत आणि काय कशावर टेकलंय हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ड्रॉइंग घेऊन आणि वर चढून, दोन्ही करून ठरवायचं. नुसतं ड्रॉइंग पुरत नाही. पुण्यातल्या चांदणी चौकाचा पूल आठवा: ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोट केला, पूल पूर्ण पडला नाही, आत अंदाजापेक्षा जास्त स्टील निघालं, आणि उरलेलं काम पोकलेनने करावं लागलं. तिथे रस्ता मोकळा केलेला होता म्हणून निभावलं. कापणीचा क्रम कागदावर लिहून घ्या. ब्रेसिंग, म्हणजे खांबांना जोडणारे तिरके आधार, हलकं असतं, हाताला लागतं, म्हणून गँग ते आधी कापते. नेमकं तेच सांगाड्याला उभं धरतं. संध्याकाळी काम थांबवताना अर्धा कापलेला खांब तसाच सोडायचा नाही. एक तर पाडून जायचं, नाही तर कापायला घ्यायचंच नाही. आणि गँगच्या झोपड्या कारखान्याच्या शेडमध्ये नकोत. त्यांना तेच सोयीचं वाटतं, ठेकेदाराचं भाडंही वाचतं, पण पाडकामाखाली माणसं झोपू द्यायची नाहीत.

चिमणी. सुरतच्या उत्राण वीज केंद्रातलं जे तुम्ही व्हिडिओत पाहिलं तो कूलिंग टॉवर होता: ८५ मीटर उंच, मार्च २०२३ मध्ये सुमारे २२० किलो स्फोटकांनी पाडला. त्याचा आकार पोकळ, कवच उंचीच्या मानाने पातळ, त्यामुळे पाय उडवले की तो स्वतःवरच बसतो. तुमची चिमणी बारीक आणि उंच. ती झाडासारखी एका बाजूला पडते. ज्या बाजूला पाडायची तिथे उंचीच्या साधारण दीडपट मोकळी जागा धरतात. तुम्ही लिहिलंय एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला महावितरणची लाइन. मग विषय संपला. वरून खाली, मचाण बांधून, थराथराने उतरवा आणि माल चिमणीच्या पोटातूनच खाली सोडा. मुंबईच्या गिरण्यांसारख्या दाटीच्या जागी विटांच्या चिमणीला हाच मार्ग. तळाशी साचणारा ढीग रोज काढायचा, नाही तर तो आतून भिंतीला रेटतो. आणि ढीग काढताना वर कोणी काम करत नसलं पाहिजे. आतल्या विटांच्या अस्तरामागे राख असते, ती ओली करत चला. वारा वाढला की काम बंद.

अजून एक, तुमच्याकडे बहुधा नसेल, पण हे वाचणारे स्टील आणि सिमेंटवाले असतील म्हणून: लेव्हल किंवा जाडी मोजणाऱ्या काही जुन्या यंत्रांत किरणोत्सर्गी स्रोत असतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठातलं जुनं यंत्र भंगारात गेलं, कोबाल्ट-६० उघडा पडला आणि एक माणूस गेला. तीन पात्यांचं पिवळं चिन्ह दिसलं तर हात न लावता अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवा.

लिलावाच्या अटींची प्रत मिळाली तर नावं आणि सह्या झाकून इथे टाका. ताबा केव्हा आणि कोणत्या क्रमाने द्यायचा ते कलम मला बघायचंय. शिवाय मळीच्या टाकीचं छत आणि बाजूच्या मॅनहोलचा फोटो टाका. मॅनहोलचे बोल्ट गंजलेले असतील तर ते कटरने उडवू देऊ नका, नट स्प्लिटर मागवा.