थंडीत घोडी उधळते तेव्हा

अगं,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, फोनवर घाईत सांगण्यासारखं नाहीये म्हणून नीट लिहितोय. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणली, तिथे हजार माणसांत शहाण्यासारखी चालली, आणि इकडे सासवडला आल्यापासून सकाळी बाहेर काढली की नाचते, पिशवी उडाली तरी बुजते, परवा तर परत फिरताना तबेल्याकडे तोंड झालं आणि उधळलीच. आता सगळे तुला सांगतायत की कडक बिट, म्हणजे लगामाचं तोंडात बसणारं जास्त टोचणारं लोखंड, घाल म्हणजे येईल लाईनवर.

अजिबात घालू नकोस. ती बिघडलेली नाहीये गं. जत्रेत तिच्या आजूबाजूला घोडीच घोडी होती, इथे ती एकटी, दिवसभर ठाणावर बांधलेली, चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र दोन्ही वेळ पोटभर आणि काम फक्त शनिवार-रविवारी, त्यात पहाटे पारा १० डिग्रीच्या आसपास. थंड हवेत घोडं लवकर दमत नाही आणि गरमही पटकन होत नाही, म्हणजे ती सगळी ताकद अंगात साठून राहते आणि तू वर बसलीस की बाहेर पडते. तोंडात कडक बिट घालून ती ताकद कमी होत नाही, फक्त आत कोंडते आणि वर तोंड दुखतं ते वेगळंच. त्या ताकदीला बाहेर पडायला जागा करून द्यायची, एवढंच मला तुला सांगायचंय, बाकी सगळं त्यातूनच येतं.

सुरुवात तबेल्यातून कर. ज्या दिवशी रपेट नाही त्या दिवशी चंदी निम्मी, पण एकदम नाही हां, चार-सहा दिवसांत हळूहळू उतरव, कारण खाण्यात अचानक बदल झाला की पोटात शूळ उठतो. गवत, कडबा भरपूर ठेव. आणि रोज तासभर तरी कुंपणात मोकळी सोड, लोळू दे, पळू दे, दुगाण्या झाडू दे. पाण्यावर लक्ष ठेव, घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर लागतं पण गार पाणी बघून घोडी कमी पिते, आणि कोरडा कडबा खाऊन पाणी कमी पडलं की पोट धरतं. कोमट करून दे, चंदीत थोडं मीठ टाक, आणि सकाळी लीद बघायची सवय लाव. गोळे लहान आणि कोरडे दिसले तर त्या दिवशी रपेट रद्द.

खोगीर चढवताना एक गोष्ट कोणी सांगत नाही. आता माळावरचं गवत वाळलंय आणि कुसळं सगळीकडे आहेत, ती खोगिराखालच्या कापडात आणि तंगाच्या, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या, आतल्या बाजूला अडकतात. कापड उलटं करून उन्हात धर आणि तळहात फिरव, मग तिच्या छातीखाली, जिथे तंग बसतो तिथे हाताने चाचप. एक कुसळ तिथे राहिलं आणि तू वर बसलीस की ते कातडीत जातं आणि घोडी उडते, लोक म्हणतात मस्ती करतेय. तंगही एका दमात आवळू नकोस. थोडा आवळ, हाताने धरून दहा-पंधरा मिनिटं चालव, मग अजून एक भोक, आणि बसायच्या आधी शेवटचं.

बसल्यावर दोन्ही लगाम ताणून धरायचा मोह होतो, भीतीने हात आपोआप आवळतात, मला माहितीये. पण दोन्ही बाजूंनी ओढलं की ती त्या ओढीवरच भार टाकून जास्त जोरात पळते. एकच लगाम घे, मान बाजूला वळव, तिला लहान गोलात फिरव आणि मागचे पाय आडवे पडायला लागले की लगेच ढील दे. हे आधी कुंपणात चालीवर रोज कर, दोन्ही बाजूंनी, तुम्हा दोघींना कंटाळा येईपर्यंत. डोंगराच्या कडेच्या अरुंद वाटेवर मात्र असं फिरवायचं नाही, तिथे उतरून हाताने ने. त्यात लाज कसली.

तिचे कान बघत जा. काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात, त्यामुळे तुला वरून स्पष्ट दिसेल. कान टवकारले, मान ताठ झाली आणि फुरफुरणं थांबलं की ती बुजणार, तेवढ्या क्षणात तिला काम दे, डावीकडे वळव, उजवीकडे वळव, तोंडाने बोलत राहा. वडाच्या सावलीतून एकदम कोवळ्या उन्हात येताना ती अडली तर टाच मारू नकोस, घोड्याच्या डोळ्यांना उजेडाची सवय व्हायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, उभी राहू दे. सध्या उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून येतात, लांबूनच आवाज आला की रस्ता सोडून शेतात शिर आणि तिचं तोंड ट्रॅक्टरकडे कर, मागून येणाऱ्या आवाजाला ती जास्त घाबरते. संक्रांतीच्या आसपास गावाजवळ मांजाकडे लक्ष ठेव, नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून बंदी असली तरी तारांवर तो लटकलेला असतोच.

परतताना शेवटचा किलोमीटर फक्त चाल, आणि तबेला दिसल्यावर तिने घाई केली तर वळून पुन्हा थोडं लांब जा. घाम असेल तर गवताच्या बोळ्याने पूस, वाऱ्यात उभी करू नकोस, पूर्ण सुकेपर्यंत अंगावर झूल राहू दे.

हेल्मेट घालशीलच, आणि फोन खोगिराच्या पिशवीत नाही, स्वतःच्या खिशात.

रविवारी नऊच्या आधी काढू नकोस, ऊन वर येऊ दे. मी माझी म्हातारी घोडी घेऊन येतो, तिच्या मागे तुझी चालव, दोन-तीन घोडे अंतर ठेवून, शांत घोडं पुढे असलं की तरुण घोडी बरंच काही बघून शिकते. दिवे घाटाच्या बाजूला नको, गाड्या फार असतात. अंजिराच्या बागांमागून जो मुरमाचा रस्ता जातो तिकडे जाऊ. मी येईपर्यंत तिला हाताने फिरवून ठेव आणि तंग सैलच असू दे.

तुझा,
काका