नेढं नसलेली कुऱ्हाड

प्रश्न : एका संग्रहालयात पश्चिम आफ्रिकेतल्या कुऱ्हाडी पाहिल्या. कुणालाच नेढं (दांडा घालायचं भोक) नाही, दांड्याचं टोक मात्र गाठीसारखं जाड. एकीच्या पात्यावर तर सिंह! यांनी लाकूड कसं तोडत असतील? – एक वाचक

उत्तर : सिंह थोडा बाजूला ठेवू. कुऱ्हाड मी नेहमी सांध्यापासून बघतो, आणि तुम्ही नेमकं तेच पाहिलंत याचा आनंद झाला. तिथला लोहार पात्याच्या मागे निमुळतं शेपूट ठेवतो. दांड्याच्या जाड गाठीला तापल्या लोखंडानं आरपार भोक पाडतात आणि शेपूट त्यात ठोकतात. प्रत्येक घावाबरोबर शेपूट आणखी आत रुततं, त्यामुळे पाचर लागत नाही. दांडा मोडला तर पातं उपसून नव्या दांड्यात बसवायचं. काही ठिकाणी तेच पातं आडवं बसवून वाकस (लाकूड तासायचं अवजार) म्हणूनही वापरतात. इतकं काटकसरीचं अवजार मला दुसरं माहीत नाही.

सिंहाची कुऱ्हाड लाकडासाठी नव्हतीच. ती बहुधा दाहोमीची, म्हणजे आजच्या बेनिनमधल्या फोन लोकांच्या राज्याची. तिला ‘माक्पो’ म्हणतात. ग्लेले राजाचं (१८५८–१८८९) चिन्ह सिंह, त्याचा मुलगा बेहान्झिन याचं शार्क. राजाचा जासूद ती घेऊन निघाला की निरोप खुद्द राजाचा आहे हे सिद्ध व्हायचं, आणि तिच्यापुढे लोक राजापुढे वाकावं तसे वाकायचे.

नायजेरिया-बेनिनमधल्या योरुबा लोकांच्या शांगो या वीजदेवतेच्या नर्तकांच्या हातातली दुतोंडी कुऱ्हाड तर बहुतेक वेळा अख्खी लाकडीच असते.

अशा कुऱ्हाडीचा अर्थ न कळल्यानं युद्धाची वेळ आली होती. १८८१ मध्ये असांते राज्याच्या (आजच्या घानातल्या) दरबारानं शेजारच्या गोल्ड कोस्ट वसाहतीतल्या ब्रिटिशांकडे वकील पाठवले. पळून आलेला एक राजपुत्र त्यांना परत हवा होता. त्यांच्यासोबत सोन्यानं मढवलेली कुऱ्हाड होती. ब्रिटिशांनी ती धमकी मानली आणि युद्धाची तयारी सुरू केली. असांतेंचा खुलासा असा, की ही कुऱ्हाड तडजोडीच्या वाटेतले अडथळे तोडण्यासाठी आहे. मला हा खुलासा पटतो. दाट जंगलाच्या मुलखात वाट म्हणजे तोडून काढलेलीच. शेवटी प्रकरण निवळलं आणि ती कुऱ्हाड राणी व्हिक्टोरियाकडे गेली.

पुन्हा गेलात तर गाठीची मागची बाजू नक्की बघा. शेपटाचं टोक बाहेर आलेलं आणि धार झिजलेली असेल, तर ती कुऱ्हाड रानात राबलेली आहे.