घरच्या संगणकाला कोणता अँटीव्हायरस? आधी विंडोजचं बघा

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न असा: घरात २०१८ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, त्यावर विंडोज १० आहे. यजमान त्याच्यावर दोन-तीन दुकानांची टॅलीची कामं करतात, मुलगी बारावीला आहे आणि तिचा पेनड्राइव्ह क्लास आणि झेरॉक्स सेंटर असा सतत फिरत असतो. दुकानदार म्हणतो तीन वर्षांचा पॅक घ्या, भाचा म्हणतो काहीच घ्यायची गरज नाही. मग खरं कुणाचं? माझ्या मते भाचा बराचसा बरोबर आहे, पण त्याने अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

आधी विंडोजचं बघू, कारण खरी अडचण तिथे आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर घरगुती ग्राहकांसाठी जादा सुरक्षा अपडेट्सची योजना जाहीर झाली, तिची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी नाव आपण नोंदवावं लागतं, ते आपोआप होत नाही. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर त्याची लिंक दिसते. यजमानांनी ती नोंदणी केली आहे का, एवढं आज बघा.

अँटीव्हायरस असला की अपडेट नसली तरी चालतं, असा समज फार पसरलेला आहे. विंडोज १० वरच्या डिफेंडरला, म्हणजे विंडोजबरोबरच येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या फुकट अँटीव्हायरसला, नव्या व्हायरसची ओळख पटवणारी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे, त्यामुळे तो हिरवी खूण दाखवत राहतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण विंडोजमध्येच सापडलेलं भोक अँटीव्हायरस बुजवत नाही, ते काम अपडेटचं. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आठवा. कुणी फाइल उघडायचीही गरज नव्हती, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका दोषातून तो नेटवर्कवरच्या एका मशीनमधून दुसऱ्यात शिरत होता. त्या दोषावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो घातला होता त्यांच्या मशीनमध्ये त्याला त्या वाटेने शिरता आलं नाही.

आता डिफेंडर. २०१२ साली विंडोज ८ बरोबर तो पुरा अँटीव्हायरस म्हणून विंडोजमध्येच आला. सुरुवातीची काही वर्षं तो खरोखर कच्चा होता आणि त्या काळात ज्यांनी मशीनं सांभाळली त्यांचं मत अजून तिथेच अडकलेलं असतं. आज तसं नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, मशीनचा वेग आणि वापरातला त्रास अशा तीन बाबींना प्रत्येकी ६ गुण देते, म्हणजे एकूण १८. त्यात डिफेंडर गेली काही वर्षं सातत्याने पैसे देऊन घ्यायच्या नावाजलेल्या अँटीव्हायरसच्या बरोबरीला असतो. ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज हीसुद्धा भरवशाची संस्था. यूट्यूबवरच्या 'टॉप टेन' व्हिडिओंपेक्षा या दोघांचे निकाल बघत जा. ते फुकट वाचायला मिळतात.

डिफेंडरची एक उणीव मात्र मी लपवणार नाही. तो इंटरनेटवर फार विसंबून असतो. शंका आली की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो आणि मग ठरवतो. नेट बंद असेल तर त्याची पकड चांगलीच सैल होते. म्हणून ज्यांच्याकडे नेट दिवसातून थोडा वेळच चालतं आणि पेनड्राइव्ह मात्र दहा हातांतून येतात, अशांना मी विकतचा अँटीव्हायरस घ्या असं सांगतो. खेड्यातलं सेवा केंद्र, शाळेचं ऑफिस, फोटो स्टुडिओ ही अशी ठिकाणं. तिथे क्विक हील चांगला पर्याय आहे. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी नव्वदच्या दशकात उभं केलेलं हे काम, आणि आपल्याकडच्या पेनड्राइव्हवरच्या उपद्रवांशी त्यांचा जुना परिचय आहे. शिवाय अडलं तर तालुक्याच्या गावीही मराठीत समजावणारा माणूस भेटतो, ही सोय लहान नाही. तुमच्याकडे फायबरचं नेट दिवसभर चालू असतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर वेगळं आहे.

तुम्ही डिफेंडरच ठेवा, पण त्याची बटणं नीट लावून. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्जवर जा. रिअल टाइम, क्लाउड डिलिव्हर्ड आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही चालू हवीत. मग अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन उघडून नको असलेली अ‍ॅप अडवणारं बटण चालू करा. ते बऱ्याच मशीनवर बंद सापडतं. फुकटच्या कन्व्हर्टरबरोबर चिकटून येणारे टूलबार त्यानेच अडतात.

टॅलीसाठी व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्येच एक फार उपयोगाची गोष्ट आहे: रॅन्समवेअर प्रोटेक्शनखालचं कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस. हे मुळात बंद असतं. चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहिताच येत नाही, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्याचा हातच बांधला जातो. टॅलीचा डेटा बहुधा वेगळ्या जागी असतो, तो फोल्डर आपण यादीत घालायचा आणि टॅलीला परवानगी द्यायची. पहिले दोन-चार दिवस एखादा नेहमीचा प्रोग्रॅमही अडेल, तेव्हा घाबरू नका, त्यालाही परवानगी द्या. आणि हे लक्षात असू द्या, की दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर बाजूला होतो आणि ही सोयही जाते. दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नयेत ते वेगळंच. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि मशीन रांगायला लागतं. कुठल्याही जुन्या ट्रायलची मुदत संपून ती तशीच पडली असेल तर आधी पूर्ण काढून टाका.

दुकानदाराच्या पॅकचे पैसे वाचतील, त्यात थोडे घालून एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. हे मी अगदी मनापासून सांगतोय. दुसऱ्यांच्या हिशेबाची जबाबदारी यजमानांवर आहे. मार्च अखेरीला डेटा गेला तर कुठलीही कंपनी तो परत आणून देत नाही. दर शनिवारी टॅलीचा बॅकअप त्यावर घ्या, मुलीचे प्रोजेक्ट आणि घरचे फोटोही घ्या, आणि झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर सी ड्राइव्हबरोबरच खाऊन टाकतो.

पेनड्राइव्हचं सांगतो. झेरॉक्स सेंटरवरून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्याच नावाचे, कोपऱ्यात छोटा बाण असलेले आयकॉन दिसले, की तो शॉर्टकट व्हायरस. खऱ्या फाइली आत लपवलेल्या असतात. त्या बाणावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग तुमचा फोल्डर उघडतो, म्हणून कुणाला संशयच येत नाही. घाईत फॉरमॅट मारू नका. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा, मग फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत हिडन आयटम्सवर टिक करा, फाइली बहुतेक वेळा तिथेच असतात. त्यांवर खास लपवण्याची खूण मारलेली असली तर तेवढ्याने त्या दिसत नाहीत. तसं झालं तर इथे विचारा, मी कमांड लिहून देतो. त्याच मेनूत फाइल नेम एक्स्टेन्शन्सवरही टिक करून ठेवा. 'नोट्स डॉट पीडीएफ' म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी 'डॉट ईएक्सई' आहे, हे त्याशिवाय कळत नाही. आणि प्रिंट हवी असेल तर मुलीला पीडीएफ ईमेलने पाठवायला सांगा, पेनड्राइव्ह न्यायचंच कारण राहणार नाही.

क्रॅक सॉफ्टवेअरबद्दल मात्र मी कडक बोलणार. त्या झिपमध्ये एक टेक्स्ट फाइल असते आणि तिच्यात पहिली ओळ बहुधा हीच असते: आधी अँटीव्हायरस बंद करा. म्हणजे दाराची कडी आपण आपल्या हाताने काढून देतो, मग आत महागडा पहारेकरी बसवला काय आणि न बसवला काय. फाइलींची नावं बदलून पैसे मागणारं स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः अशाच क्रॅकमधून घरोघरी गेलं. मुलगी किंवा तिची मित्रमंडळी गेम उतरवत असतील तर तिला स्टँडर्ड खातं वेगळं करून द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा.

फुकटच्या इतर अँटीव्हायरसची मी शिफारस करत नाही. अव्हास्टने लोकांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्या जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. जे काम डिफेंडर तसाही करतो, त्यासाठी अशी जोखीम का घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमचा अँटीव्हायरस संपला' अशी लाल सूचना रोज येते. तुमच्याकडे विकतचा अँटीव्हायरस नाहीच, तर संपेल कसा? ती क्रोमची नोटिफिकेशन आहे, कुठल्यातरी साइटवर कधीतरी 'अलाउ' दाबलं गेलं असणार. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि अनोळखी साइट काढून टाका, ती थांबेल. त्या सूचनेतल्या नंबरवर फोन करू नका, आणि फोनवरचा कुणी एनीडेस्क (दुरून तुमचं मशीन चालवू देणारं अ‍ॅप) घ्या म्हणाला तर मुळीच घेऊ नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे रोखायला सुरुवातीचा वेळच कामी येतो.

राहिला विंडोज ११ चा प्रश्न. २०१८ चं मशीन अगदी सीमेवर आहे. स्टार्टवर राइट क्लिक करून सिस्टिम उघडा आणि प्रोसेसरचं नाव मला लिहून पाठवा. आय३-८१०० सारखं असेल, म्हणजे रेघेनंतरचा आकडा ८ ने सुरू होत असेल, तर विंडोज ११ चालेल. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये, इंटेल पीटीटी नावाचं बटण चालू करावं लागेल, ते कसं ते मदरबोर्ड बघून सांगतो. ७१०० किंवा ७४०० असेल तर विंडोज ११ चा नाद सोडा, तेव्हा जादा अपडेट्सची मुदत संपायच्या आत मशीन बदलायची तयारी ठेवावी लागेल, त्याचाही हिशेब मांडून देईन.